अर्थिंग

डॅकच्या पाठीला सॉकेटच्या दोन जोड्या.
एक कुणाचंच ऐकत नाही, भरभरून ओतते;
दुसरी पुढच्या गोल बटणाच्या धाकात राहते.
मी दुसरी निवडली. स्पीकरना स्वतःचा ॲम्प आहे,
त्यांना जोर नको, नुसता निरोप हवा.
लाल उजवीकडे, पांढरी डावीकडे.
वायर टेबलामागून घेताना कोपर भिंतीला घासलं,
चिऱ्याची तांबडी पूड लागली.

नऊ वर्षं मी हेडफोन चढवून बसते.
लोकांनी बोललेलं कापते, जोडते,
खोकले काढते, श्वास जागच्या जागी ठेवते.
बाबांच्या लेखी मी
पडद्याकडे बघत मान हलवणारी बाई.
"हिका गप बसण्याचो पगार मेळता,"
असं देवगड बंदरावर सांगतात, थोडं मिरवत.

ते एकतीस वर्षं बर्फाच्या कारखान्यात.
कॉम्प्रेसर, अमोनिया, खाऱ्या पाण्याच्या टाकीत
बुडवलेले पत्र्याचे डबे.
ट्रॉलर आत आले की रात्री दोनला लाद्या काढायच्या.
कानांची वरची पट्टी तिथंच राहिली.
कुणी शशी म्हटलं तर त्यांच्यापर्यंत
शेवटची वेलांटी तेवढी पोचते.

म्हणून हे दोन स्पीकर.
कणकवलीहून एसटीनं आले, खोक्यावर 'नाजूक' लिहिलेलं,
आणि त्यावर कुणीतरी बसून आलेलं.

बटण दाबलं.
हूंऽऽऽ
जाड, एकसुरी, टेबलाच्या पायांतून चढणारी.
आवाज शून्यावर नेला, तरी हूं.
वायर बदलली, हूं.
कॉम्प्युटर आणि स्पीकर एकाच बोर्डावर घेतले,
जरा दमली, गेली नाही.
मी पुन्हा हेडफोन उचलणार
तर बाबा दारात. हाक मारली नव्हती.

"हो आवाज माझ्या वळखीचो," म्हणाले.
तळवा टेबलावर पालथा ठेवला,
मशीनच्या अंगावर ठेवत असतील तसा.
"अर्थ सुकलो. मे म्हयनो. खाली कातळ."

अर्थ.
मी आधी वेगळंच ऐकलं.

परसात फणसाच्या बुंध्याशी
सिमेंटच्या झाकणाखाली जमिनीत उतरलेला पाईप,
भोवती कधीकाळी भरलेलं मीठ आणि कोळसा.
झाकणावर सुकट वाळत होती.
ती त्यांनी सुपात ओढली, झाकण सरकवलं,
आणि कळशी आणली. एक.
दुसरी. मांजर पळालं.
माती पाणी घेईचना, वर तसंच तरंगत राहिलं.
तिसऱ्या कळशीला एकदम घेऊ लागली,
बुडबुडे सोडत, घाईघाईनं.

आत हूं बारीक झाली,
आणि कधी गेली
ते मला नक्की सांगता येणार नाही.

बाबा हात पुसत येऊन बसले.
"लाव."
लावलंय.
"मगे आयकाक कित्याक येणा नाय?"
अजून काही वाजवलंच नाही.
"म्हणजे सगळा चालू आसा,
आणि काय्येक आयकाक येणा नाय?"
हो.

कारखान्यात असं झालं तर
माणसं धावत सुटायची,
टॉर्च, जनरेटर, लाद्या घाम धरायच्या आत.
आता कुणी धावलं नाही.
दोन निळे दिवे लागलेले.
बाबा त्यांच्याकडे बघत होते,
माझा अंगठा बटणावर होता,
आणि मी तो बराच वेळ फिरवला नाही.

मग लिलाव पुकारणाऱ्या गंगुताई तारकरांची मुलाखत लावली.
मध्येच त्या शिंकतात, तो तुकडा काढायचा राहिला होता.
बाबा मोठ्यानं हसले.
तो मी काढणार नाही.

आता दर रविवारी तीन कळश्या.
खारं वारं पिनांना हिरवं चढवतं,
त्यासाठी जुना टूथब्रश ड्रॉवरमध्ये.
डावा स्पीकर तरी अधूनमधून मुका होतो.
बाबा त्याला टपली मारतात.
तसं करायचं नसतं, हे मला माहीत आहे.
मारू देते.